पाटीसाठी ठोकलेला खिळा

दुपारची जेवणं आटोपली, तोंडं पुसून झाली, की मावशींच्या पाळणाघरात सामसूम व्हायची. डझनभर मुलं एका खोलीत, आणि आवाज म्हणाल तर फक्त छताच्या पंख्याचा. वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, की माझ्या पायाखाली पाळणाघर आहे हे लोकांना खरंच वाटत नाही, माझी वामकुक्षी आजवर एकदाही मोडलेली नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर आणखी एक पाळणाघर होतं. तिथून दिवसभर रडारड ऐकू यायची, म्हणून लोक मावशींकडे रांग लावायचे. मावशींच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. त्या हातात काय आहे, हे विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती.

हातात चमचा होता. वरच्या फळीवर सर्दीखोकल्याच्या औषधाची बाटली असायची, तिच्यावर हसऱ्या बाळाचं चित्र. कुठल्याही औषधाच्या दुकानात न विचारता मिळणारी. जेवण झालं की प्रत्येकाच्या तोंडात एक चमचा. तान्ह्यांना अर्धा. आणि भिंगरीला दीड.

भिंगरी ही शिवणकाम करणाऱ्या बाईची दीड वर्षाची मुलगी. चालायला शिकली तीच मुळी धावत. डबे उपडे करायची, दुसऱ्याच्या चपला पळवायची, आणि पकडायला गेलं की खिदळत टेबलाखाली. मावशींचा तिच्यावर फार जीव होता. एका चमच्यानं ती आडवी होत नाही, म्हणून दीड, यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं.

चमचा देणारी होती त्यांची सून. ती लग्न होऊन आली तेव्हा मोठी जाऊ घरात होती, म्हणून ही धाकटी. पुढे थोरली नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली, घरात सून अशी एकच उरली, तरी हिचं नाव धाकटीच राहिलं. सकाळी दार उघडण्यापासून संध्याकाळी शेवटचं मूल घरी जाईपर्यंतचं सगळं तिच्याकडे. लंगोट धुणं, भात भरवणं, नाकं पुसणं, भांडणं सोडवणं. मावशी दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि मुलांच्या आयांशी बोलायच्या. राबणारी एक आणि नाव दुसरीचं, ही काही त्याच घराची रीत नव्हती.

एक दिवस आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई दाराशी आल्या. पाळणाघर चालवणाऱ्यांसाठी केंद्रात दर शनिवारी शिकवणी सुरू होतेय, फुकट आहे, नाव द्या, असं त्यांनी सांगितलं. मावशींना हसू आवरेना.

"मूल सांभाळायला शिकवणी? अहो, माशाच्या पोराला पोहायला कोण शिकवतं? दोन मुलं एकटीनं वाढवली मी, आणि अर्ध्या रस्त्याची पोरं माझ्या मांडीवर मोठी झाली. बाईच्या जातीला हे शिकवावं लागत नाही."

हे मावशीच म्हणतात असं नाही, आपण सगळेच म्हणतो. केस कापणारा आधी चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली झाडू मारतो. गाडी चालवणाऱ्याला परवाना लागतो. कुलूप दुरुस्त करायला बोलावलेल्या माणसालाही आपण विचारतो, बाबा रे, काम येतं ना? आणि ज्याला आपण काळजाचा तुकडा म्हणतो तो रोज सकाळी ज्या हातात ठेवून जातो, त्या हाताला काय येतं, हे मात्र विचारत नाही. ती बाई आहे, एवढं आपल्याला पुरतं. मग पगारही तेवढाच आणि मानही तेवढाच.

नर्सबाईंनी वाद घातला नाही. शिकवणी पूर्ण झाली की केंद्राकडून 'प्रशिक्षित पाळणाघर' अशी पाटी मिळते, दारावर लावायला, एवढंच त्या जाता जाता म्हणाल्या. मावशींचं हसू तिथं थांबलं. कोपऱ्यावरचीनं नाव दिलंय का, असं त्यांनी विचारलं. कालच दिलं, असं उत्तर आलं. मग प्रश्नच मिटला. स्वतः बाकावर बसून शिकणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं, म्हणून धाकटीचं नाव लागलं.

"पाटी घेऊन ये," त्यांनी सुनेला बजावलं. "बाकी जे काय शिकवतील ते तिथंच ठेवून ये."

त्याच संध्याकाळी मावशींचा मुलगा, म्हणजे धाकटीचा नवरा, कामावरून आला. तो घरं रंगवायचा. पापण्यांवर अजून पांढरे ठिपके असतानाच त्याच्या हातात हातोडी आली, आणि दाराच्या उजव्या बाजूला पाटीसाठी खिळा ठोकला गेला. सुनेला शिकायला पाठवणारी सासू म्हणून सगळ्या रस्त्यानं मावशींचं आणखी कौतुक केलं.

केंद्राच्या लांबट खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि टेबलावर एक रबरी बाहुली, नाक झिजलेली. पहिल्या शनिवारी हात धुवायला शिकवले तेव्हा बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. खुशाल हसा, मीही शिकले तेव्हा हसलेच होते, असं नर्सबाई म्हणाल्या. पुढच्या शनिवारी घशात काही अडकलं तर काय करायचं ते झालं. मग श्वास बंद पडला तर बाहुलीच्या तोंडाला तोंड लावून फुंकर कशी घालायची, ते. धाकटीला पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा बाहुलीची छाती वर आली तेव्हा तिला असा आनंद झाला की घरी जाताना रस्ताभर ती एकटीच हसत होती. इतकी वर्षं ती जे करत होती त्याला काम म्हणतात, आणि काम म्हटलं की ते चांगलं करता येतं, शिकता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग झोपेचा शनिवार आला. तुमच्याकडे मुलं दुपारी झोपतात कशी, असं नर्सबाईंनी विचारलं. एकीनं सांगितलं, थोपटून. दुसरी म्हणाली, गाणं म्हणून. नर्सबाईंनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर, बाहुलीच्या शेजारी ठेवली. हसऱ्या बाळाचं चित्र असलेली.

सगळा वर्ग आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागला.

"ही सर्दीची बाटली आहे, झोपेची नाही," नर्सबाई म्हणाल्या. "एवढ्या लहान जिवाला डॉक्टरनं सांगितल्याशिवाय एक थेंबही नको. श्वास मंद होतो, कधी थांबतोसुद्धा. झोपलेल्या मुलाच्या तळपायाला टिचकी मारून बघा. ते पाय ओढून घेतं, कुरकुरतं. औषधानं पडलेलं मूल पाय ओढत नाही." मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "कोण कोण देतं? मी कुणाचं नाव लिहून घेत नाहीये. हात वर करा फक्त."

एकही हात वर झाला नाही. कोपऱ्यावरची बाटलीकडे निरखून बघत आपल्या पिशवीचा बंद सोडत आणि बांधत बसली. धाकटीचा हात मांडीवर पडून होता, आणि तो तिला इतका जड झाला होता की दुसऱ्या कुणाचा असावा. तिनं तो उचलला नाही.

पुढच्या कामाच्या दिवशी चमचे देऊन झाल्यावर ती एकेका मुलाच्या पायाशी बसली आणि टिचकी मारत गेली. दोघांनी पाय ओढले. एक जरा हलला. बाकीच्यांनी काहीच केलं नाही. भिंगरीच्या पायाला तिनं दोनदा टिचकी मारली, मग तळवा चोळला, आणि पोर तशीच तोंड उघडं टाकून पडलेली. जिला जागेपणी धरायला तीन माणसं लागायची ती. ही शांतता तिनं रोज आपल्या हातानं घातली होती, चमच्यानं, मायेनं, गाल कुरवाळत.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं बाटलीला हात लावला नाही. मावशी खुर्चीतून उठून आत आल्या, म्हणाल्या, चमचा राहिला. ती म्हणाली, राहिला नाही, मी देणार नाही.

"म्हणजे?"

"झोप नाही ती, आई. पोरं पडतात नुसती. मी नाही देणार यापुढे."

मावशी ओरडल्या नाहीत. त्या ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि सुनेच्या समोर बसल्या.

"ऐक. माझ्याआधी ही खोली जी चालवायची, ती पोरांना काळी गोळी द्यायची. अफूची. नखाएवढी. मी तिच्या हाताखाली होते. ती गेल्यावर मी गोळी बंद केली आणि दुकानातली, लेबल लावलेली बाटली आणली. तेव्हा आयाच मला म्हणाल्या, गोळीनं छान झोपायची की, तू कशाला शहाणपणा करतेस? तेव्हा सुधारणा काय असते ते मला नको शिकवूस."

धाकटीला हे माहीत नव्हतं. सासूबद्दल तिला त्या क्षणी खरोखर आदर वाटला, आणि त्यामुळे बोलणं आणखी अवघड झालं.

"तुम्ही एक पाऊल टाकलंत," ती म्हणाली. "मग पुढचं मला टाकू द्या की."

"एकटी बाई बारा पोरं जागी कशी ठेवणार? आणि बारा नाही ठेवली तर चूल कशी पेटणार? याचं उत्तर तुझ्या नर्सबाईंकडे आहे?"

याचं उत्तर नर्सबाईंकडे नव्हतं. खरं तर ते आयाबापांकडे आणि गावाच्या कारभाऱ्यांकडे मागायला हवं होतं. पण त्या खोलीत तेव्हा सासू होती, सून होती आणि पेंगुळण्याची वाट बघणारी बारा तोंडं होती. मावशींनी बाटली खाली काढली आणि स्वतःच्या हातानं चमचे दिले.

संध्याकाळी नवऱ्यानं दोघींचं ऐकलं आणि तोडगा काढला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, तो बायकोला म्हणाला. तुला द्यायचं नाही ना, मग नको देऊ, आई देईल. आपण फार मोठा न्याय केला अशा समाधानात तो जेवायला बसला.

धाकटीनं तेवढ्यावर समाधान मानलं नाही, पण जे हातात होतं ते सोडलंही नाही. दुपारभर ती निजलेल्या मुलांमध्ये फिरत राहायची, एकेकाची छाती वरखाली होते का बघत. आणि सकाळी दाराशी उभी राहून प्रत्येक आईला विचारू लागली. रात्री झोपलं का, सकाळी काय खाल्लं, अंगात ताप आहे का, घरी काही औषध दिलंय का. शिकवणीत सांगितलं होतं, मूल हातात घेताना हे विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आया वैतागायच्या. मावशी तर हात जोडून म्हणायच्या, घ्या, आमच्या दारात आता पोलीस चौकी बसली.

एके दिवशी पहाटेपासून पाऊस होता आणि सगळ्यांनाच उशीर झालेला. दाराशी छत्र्यांची गर्दी झाली. धाकटीनं पहिल्या दोघींना विचारलं तेवढ्यात मावशींनी तिला दंडाला धरून मागे घेतलं. त्यांचे पगार कापले जातील, तुझी उलटतपासणी उद्या कर, असं म्हणून त्यांनी भराभरा मुलं आत ओढली. भिंगरीची आई भिजलेल्या ओठांनी काहीतरी सांगत होती. असू दे, असू दे, पळ तू, मावशी म्हणाल्या, आणि ती पळाली. तिला सांगायचं होतं ते एवढंच, की पोरीला सर्दी झालीय, येताना औषध पाजलंय. मावशींकडे बघून तिनंही तीच बाटली घरी आणून ठेवली होती.

दुपारी मावशींनी भिंगरीला दीड चमचा दिला.

धाकटी रोजच्यासारखी फिरत भिंगरीपाशी आली तेव्हा पोरीचे ओठ तिला वेगळे दिसले. शाई लागल्यासारखे. तिनं टिचकी मारली, तळवा चोळला, नावानं हाक मारली, खांद्याला धरून हाक मारली. छातीकडे बघत राहिली, आणि छाती हललीच नाही. मावशी धावत आल्या. पाणी शिंपड, तोंडात पाणी घाल, उलटी धर, असं त्यांच्या तोंडून एकामागून एक येऊ लागलं.

"पाणी नाही," धाकटी म्हणाली. "बाजूला व्हा, आई."

इतक्या वर्षांत सासूला तिनं असं कधी सांगितलं नव्हतं. तिनं भिंगरीला सपाट जमिनीवर ठेवलं, हनुवटी जराशी वर केली, नाकातोंडावर तोंड लावलं आणि फुंकर घातली. बाहुलीला घालायची तेवढीच, गालात मावेल एवढी. छाती वर आली. पुन्हा फुंकर, पुन्हा वर आली. तिला तेव्हा भीती वाटत होती की नाही हे तिला पुढे कधी आठवलं नाही. नाक झिजलेली ती बाहुली मात्र आठवायची. थोड्या वेळानं भिंगरीनं स्वतःहून एक आचका घेतला, मग एक बारीकसा श्वास.

वरून मास्तर काठी टेकत खाली आले होते. त्यांनी टॅक्सी थांबवली. बाकीच्या पोरांपाशी कोण, असं कुणी विचारायच्या आत तेच खोलीच्या मधोमध बसकण मारून बसले. एकेकाच्या नाकाशी बोट धरून बघत राहा, नजर हलवू नका, असं धाकटीनं त्यांना बजावलं. ती भिंगरीला उचलून निघाली, आणि दारातून परत फिरली. फळीवरची बाटली तिनं खाली काढली.

"ती कशाला?" मावशींनी विचारलं.

"डॉक्टरांना दाखवायला."

टॅक्सीत मावशी तिच्या शेजारी बसल्या होत्या. अर्ध्या वाटेत त्या हळूच म्हणाल्या, झटका आला असं सांगू. पोरांना येतात झटके. झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकटीचा कान भिंगरीच्या तोंडाशी होता.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी पोरीला आत नेलं आणि विचारलं, काय झालं होतं? मावशी पुढे झाल्या. खेळता खेळता पडली, झटका आला असावा, असं त्या सांगू लागल्या. तेवढ्यात निरोप मिळून शिवणाच्या कारखान्यातून धावत आलेली भिंगरीची आई दारात पोचली, आणि धाकटीनं बाटली टेबलावर ठेवली.

"झटका नाही," ती म्हणाली. "दुपारी हे दिलं. दीड चमचा. झोपावी म्हणून. रोज देतो आम्ही."

"रोज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज. सगळ्यांना. परवापरवापर्यंत मीच द्यायचे."

भिंगरीच्या आईनं बाटलीकडे पाहिलं. "सकाळी मीपण दिलं होतं हेच," ती म्हणाली, आणि भिंतीला धरून खाली बसली. मग तिनं मान वर करून धाकटीकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यापेक्षा तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. धाकटीनं नजर चुकवली नाही. खरं काय ते कळल्यामुळे डॉक्टरांचा वेळ वाचला, आणि वेळ वाचल्यामुळे भिंगरी वाचली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि पहिलं काम म्हणजे हातातली नळी ओढून काढली.

घरी मात्र आभाळ कोसळलं. केंद्रातून चौकशी आली. बाटली गेली, कडक ताकीद मिळाली, आणि पाळणाघर चालू ठेवायचं तर मुलं निम्मीच घ्यायची असं ठरलं. नवरा म्हणाला, आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायची काय गरज होती? मावशींनी तर दाराशी टाकलेली खुर्ची उचलून आत नेली, आणि ते जास्त बोचलं. धाकटी कोपऱ्यात बसून पोटभर रडली. मग उठली आणि सगळ्या आयाबापांना निरोप धाडला, संध्याकाळी या, बोलायचं आहे.

खोली भरली. ती उभी राहिली आणि काय देत होतो, कशासाठी, ते तिनं सगळं सांगितलं. काही आया रडल्या, एकीनं शिव्या घातल्या, त्या तिनं ऐकून घेतल्या. पण एक कारकून बाप घसा खाकरून म्हणाला, जास्त झालं हे वाईटच, पण आमच्या मुलाला कधी काही झालं नाही, थोडं देत राहिलात तर काय बिघडतं? आणि त्याच्या मागच्या दोघांनी माना हलवल्या. धाकटीला जे झोंबलं ते शिव्यांपेक्षा हेच.

"तुम्हाला शांतता विकत हवी होती, आम्ही ती विकली," ती म्हणाली. "आता इथं ती मिळणार नाही. मुलं जागतील, रडतील, पडतील, शिकतील. कमी घेऊ, जास्त पैसे मागू, आणि शिकलेल्या हातांनी सांभाळू. परवडत नसेल तर तसं सांगा, आपण मिळून केंद्रात जाऊन भांडू. पण चमचा मागू नका. तो मी कुणालाच देणार नाही."

कारकुनाचं मूल दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या पाळणाघरात गेलं. आणखीही काही गेली. कोपऱ्यावर हल्ली रडारड ऐकू येत नव्हती, तिकडे आता दुपारी सामसूम असायची. आणि काही दिवसांनी एका सकाळी भिंगरीची आई दाराशी उभी राहिली, पोरीचा हात घट्ट धरून.

"राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली. "पण तू खोटं बोलली नाहीस. रात्री झोपली, दूध प्यायली, औषध काही नाही. घे."

आता दुपारी त्या खोलीतून डबे बडवल्याचे, भांडणाचे, खिदळण्याचे आवाज येऊ लागले. जी झोपायची ती मनानं झोपायची, जी नाही ती धाकटीच्या अंगावर चढायची. मास्तरांची वामकुक्षी मोडली. आठवडाभर त्यांनी सोसलं, मग जिन्यावरून काठी आपटत खाली आले आणि म्हणाले, त्या दिवसापुरतं ठीक होतं, पण रोज रोज हे काय?

"मुलं आहेत, मास्तर, आवाज येणारच," धाकटी म्हणाली. "ज्या दुपारी येणार नाही, त्या दुपारी मात्र धावत खाली या."

मास्तरांनी खाली पाहिलं. भिंगरीनं त्यांची एक चप्पल केव्हाच पळवली होती. ती शोधण्यात त्यांची तक्रार राहून गेली.

नवऱ्यानं शनिवारचं जाणं बंद कर म्हणून सांगून पाहिलं. शोभा व्हायची ती झाली, आता पाटी काय करायची? धाकटी म्हणाली, पाटीसाठी मी गेले नव्हते, मला पाठवलं होतं. मी जाते ती शिकायला. आणि ती गेली. सगळी शिकवणी तिनं पुरी केली, आणि शेवटी एका शनिवारी कागदात गुंडाळलेली पाटी काखेत घेऊन घरी आली.

मावशींनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्ची दाराबाहेर काढली. त्यांनी खिळा फडक्यानं पुसला. लेकाला हाक मारून म्हणाल्या, लाव बाबा, गेलेली पोरं परत येतील. पण धाकटीनं पाटी कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

"पाटीवर पाळणाघर प्रशिक्षित लिहिलंय, आई. सून प्रशिक्षित असं नाही लिहिलेलं. या घरात मुलांना हात लावणाऱ्या आपण दोघी. तुम्ही शिकाल त्या दिवशी लावू."

"माझ्या दारावर पाटी लावायला मला अट?"

"हो."

मावशींनी लेकाकडे पाहिलं. तो हातोडी हातात घेऊन उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तोडगा काढला नाही.

"खिळा मी ठोकला," तो म्हणाला. "पण पाटी तिची आहे, आई. ती म्हणेल तेव्हा लावीन." आणि त्यानं हातोडी जागेवर नेऊन ठेवली.

घरात अबोला सुरू झाला. मावशी आतल्या खोलीत बसायच्या, पण कान बाहेर असायचा. भिंगरी मात्र अबोला वगैरे मानणारी नव्हती. ती त्यांच्या मांडीवर चढायची, त्यांचा चष्मा ओढायची, आणि दमली की तिथंच झोपी जायची. एकदा धाकटीनं दारातून पाहिलं. मावशी मांडीवरच्या पोरीच्या तळपायाला हलकेच टिचकी मारत होत्या. पोरीनं पाय ओढून घेतला, कुरकुरली आणि कूस बदलली. मावशींनी डोळे पुसले. धाकटी आवाज न करता मागे सरली.

पुढच्या शनिवारी सकाळी मावशी चपला घालून दाराशी बसलेल्या दिसल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "नाहीतर खिळा गंजून जाईल."

केंद्रात नवा वर्ग सुरू झाला होता. बऱ्याचशा तरुण पोरी होत्या. कोपऱ्यावरचीही होती, शनिवार बुडवल्यामुळे तिला पुन्हा बसायला लागलं होतं. मावशी खुर्चीत ताठ बसल्या. हात धुण्यावर नाक मुरडलं, बाहुलीवर दोन टोमणे मारले, पण एकही शनिवार चुकवला नाही. धाकटी मागच्या भिंतीशी बसायची.

आणि मग झोपेचा शनिवार आला. नर्सबाईंनी बाटली टेबलावर ठेवली, जे सांगायचं ते सांगितलं आणि विचारलं, कोण कोण देतं? सगळा वर्ग पायांच्या बोटांकडे बघू लागला. कोपऱ्यावरचीनं पिशवीचा बंद हातात घेतला.

मावशींचा हात वर गेला.

"मी देत होते," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "वर्षानुवर्षं दिलं. मायेनं दिलं. एक पोर हातची जाता जाता राहिली, तीही माझ्या शहाणपणानं नाही." त्यांनी हात खाली घेतला नाही. मान वळवून सगळ्या वर्गावर नजर फिरवली, कोपऱ्यावरचीपाशी जरा जास्त वेळ थांबल्या. "आता पायांकडे काय बघताय? पायांनी देता का चमचा? त्या विचारतायत ना, मग हात वर करा."

पहिल्या रांगेतला एक हात वर झाला. मग खिडकीपाशी एक. मग मध्येच दोन, एकमेकींकडे न बघता. कोपऱ्यावरचीनं पिशवी खाली ठेवली, आणि तिचाही हात हळूहळू वर आला.

मागच्या भिंतीशी बसलेल्या धाकटीनं मग आपलाही हात वर केला.